रॉकस्टार रोमान्स कादंबऱ्यांवर वाचकांची मतं एवढी टोकाची का असतात?

कारण एकच पुस्तक दोन जातीचे वाचक उचलतात. एकीला हिरो हवा असतो, टॅटूवाला, बिघडलेला पण मनाने चांगला, शेवट गोड झाला की ती पाच स्टार देऊन मोकळी. दुसरीला बँड हवा असतो आणि तिथेच तिची चिडचिड होते, अख्ख्या टूरमध्ये एकदाही साउंडचेक (शोआधीची आवाजाची तपासणी) नाही, ड्रमर फक्त जोक मारायला आणि हिरोला मात्र बसमध्ये बसल्याबसल्या हिट गाणं सुचतं! हिरो जळून कुणालातरी ठोकतो तेव्हा अर्ध्याजणी फिदा, बाकीच्या म्हणतात पळ बाई तिथून (मी दुसऱ्या गटात). ड्रामा अतीच होतो ही तक्रार मात्र मला पटत नाही, फ्लीटवुड मॅक या खऱ्याखुऱ्या रॉक बँडने १९७७ चा 'रूमर्स' अल्बम बँडमधल्याच जोड्या तुटत असताना रेकॉर्ड केला होता.