चार कोटी अंकांची मूळ संख्या: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत असं वाचलं. लॉग घेऊन मोजले तर एक अंक जास्त भरतो. चूक कुठे?

उत्तर: रीत बरोबर आहे, लॉग तोकडा पडला. ही संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१वा घात, वजा १. घातांकाला २ च्या लॉगने गुणायचं, अपूर्णांक टाकायचा आणि १ मिळवायचा. तुम्ही बहुधा ०.३०१०३ घेतला, त्याने ४,१०,२४,३२०.५४ येतात. लॉग ०.३०१०२९९९५६६ असा घ्या. फरक नवव्या दशांश स्थळी आहे, पण साडेतेरा कोटींनी गुणला की ०.५९ होतो आणि गुणाकार ४,१०,२४,३१९.९४५ वर उतरतो. त्या .९४५ चा प्रतिलॉग साधारण ८.८, म्हणजे संख्येची सुरुवात ८८ ने होते, हेही फुकटात कळलं! शेवटचा अंक १ आहे, कारण घातांकाला ४ ने भागल्यावर १ उरतो.

प्रश्न: घातांक मूळ असला की २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्याच मिळते ना?

उत्तर: नाही. घातांक ११ घ्या: २०४७ = २३ × ८९. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही.

आधी छोटे अवयव शोधतात. घातांक ११ असेल तर प्रत्येक अवयव २२ च्या पटीत १ मिळवून येणारा असतो, त्यामुळे २३, ४५, ६७, ८९ एवढेच पाहायचे. त्यातून तगलेल्या संख्येला ल्युका-लेमर कसोटी. घातांक ७, संख्या १२७ घेऊन वहीत करून पाहा. ४ पासून सुरुवात. दरवेळी वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे पाच पायऱ्या: १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य आलं, म्हणजे १२७ मूळ.

वरच्या १३,६२,७९,८४१ या घातांकाला अशा तेरा कोटींहून जास्त पायऱ्या लागतात. भागाकार मात्र करावाच लागत नाही: द्विमान पद्धतीत वर्गाचे दोन तुकडे करून वरचा खालच्यात मिळवला की झालं. खरा धोका वर्ग करण्यात आहे. तो दशांश चिन्ह असलेल्या अपूर्णांकी आकड्यांनी करतात आणि मग जवळच्या पूर्णांकात आणतात. एकदा जरी चुकीचा पूर्णांक धरला गेला तरी पुढचं सगळं वाया. अशा चुकीतून शेवटी नेमकं शून्य येणं जवळजवळ अशक्य, पण खरी मूळ संख्या हातून निसटणं सहज शक्य. म्हणून मधेमधे पडताळा ठेवतात. चार कोटी अंकांच्या या संख्येची पहिली, संभाव्यतेवर आधारलेली चाचणी आयर्लंडच्या डब्लिनमधल्या ग्राफिक्स कार्डावर झाली आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोत ल्युका-लेमर पार पडली.

प्रश्न: ही ५२वी मर्सेन मूळ संख्या (म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणारी मूळ संख्या) का?

उत्तर: सापडलेल्यांपैकी ५२वी. हिच्याहून लहान सगळे घातांक अजून दोनदा तपासून झालेले नाहीत. मधे एखादी निघाली तर हिचा क्रमांक सरकेल.