पहिल्या श्रीलंका टूरआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तू पाठवलेला श्रीलंकेचा कार्यक्रम काल नीट वाचून काढला. 7 रात्री 8 दिवस, फेब्रुवारी, मंडळी बहुतेक साठीपुढची. कागद देखणा झालाय, माहितीपत्रकात शोभेल. पण त्यात दुपारी कुणाला टेकायलाही वेळ नाही, आणि सातही रात्री हॉटेल वेगळं. पहिली टूर आखणाऱ्याचा कागद बहुधा असाच होतो. मनात धाकधूक असते, की परत आल्यावर लोक म्हणतील, "एवढे पैसे भरले आणि अमुक दाखवलंच नाही." मग एकेक पॉइंट भरला जातो.

माझं म्हणणं एवढंच, की कुठली जागा कुठल्या वेळी दाखवायची हे आधी ठरव. काय गाळायचं ते त्यातूनच ठरतं.

श्रीलंका महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी, त्यामुळे नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर वाटतं. प्रत्यक्षात एक्सप्रेसवे सोडले तर आपली बस ताशी 35-40 किलोमीटरच्या वर जात नाही. कटुनायकेच्या विमानतळापासून सिगिरियाचा कातळकिल्ला म्हणजे चार तास धर, वाटेत चहापाणी वेगळं. पहाटेचं विमान पकडून आलेल्या माणसांना त्याच दिवशी वाटेत आणखी काही "करवून" नेऊ नकोस. सरळ सिगिरियाजवळच्या हबरानाला ने, जेवू घाल, झोपू दे. तिथे सलग तीन रात्री एकाच हॉटेलात राहा. रोज सकाळी बॅगा भरून खोलीबाहेर ठेवण्याचा जो काच असतो, तो तीन दिवस टळला की मंडळींचा चेहराच बदलतो.

दुसऱ्या दिवशी सिगिरिया. तू सकाळी दहा लिहिलंयस, ते खोडून गेट उघडण्याची वेळ लिही. सुमारे बाराशे पायऱ्या आहेत, त्यातल्या बऱ्याच लोखंडी, कड्याला अडकवलेल्या आणि अरुंद. नऊनंतर तिथे रांग लागते. उन्हात तापलेल्या कठड्याला धरून, पुढच्याच्या पाठीला नाक लावून उभं राहायचं म्हणजे गुडघ्यांआधी धीर सुटतो. साडेआठपर्यंत आपण वरच्या दाराशी बांधलेल्या सिंहाच्या भल्यामोठ्या पंजांपाशी पोहोचलेलो हवेत.

त्या पंजांपाशी सपाट जागा आहे, तिथे सगळ्यांना बसव आणि मग गोष्ट सांग. चढताना सांगू नकोस, धापा टाकणारा माणूस ऐकत नसतो. गोष्ट अशी: कश्यपानं बापाला, धातुसेन राजाला, कैद केलं आणि खजिना कुठे आहे ते विचारलं. धातुसेन त्याला आपण बांधलेल्या कलावेवा तलावावर घेऊन गेला, पाण्यात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझी सगळी संपत्ती ती ही. कश्यपानं बापाला मारलं, आणि भाऊ मोग्गल्लान सूड घ्यायला येईल म्हणून राजधानी अनुराधपुराहून या खडकावर हलवली. इ. स. 477 ते 495 एवढंच त्याचं राज्य. शेवटी भाऊ आलाच. या कलावेवा तलावातून अनुराधपुरापर्यंत सुमारे 87 किलोमीटरचा कालवा काढलेला आहे, आणि त्याचा उतार इतका कमी, की आजचे इंजिनिअरही थबकतात. आपल्या ग्रुपात पाटाचं पाणी धरलेली, पाळीपत्रकावरून भांडलेली माणसं असतात. राजवंशांची यादी त्यांना झोप आणते, पण हा उतार मात्र ती बरोबर लक्षात ठेवतात. राजांपेक्षा तलावांबद्दल जास्त बोल, असं मी नव्या मुलांना नेहमी सांगते.

वाटेत खडकाच्या खोबणीत ती प्रसिद्ध भित्तिचित्रं आहेत. फोटो काढायला सक्त मनाई आहे, हे गेटवरच बजावून सांग. अजिंठा पाहिलेले लोक लगेच तुलना सुरू करतील. करू देत. पाचव्या शतकाचा काळ दोन्हीकडे आहे, बोलण्यासारखं खूप निघतं.

ज्यांना चढणं जमणार नाही त्यांच्यासाठी खाली पाण्याच्या बागा आहेत आणि संग्रहालय आहे. त्यांना "तुम्ही बसमध्ये थांबा" असं चुकूनही म्हणू नकोस. त्यांचा वेगळा गट कर, त्यांना आधी संग्रहालय आणि मग बागा असा रीतसर कार्यक्रम दे, आणि तो सगळ्यांसमोर तेवढ्याच उत्साहानं जाहीर कर. म्हणजे हट्टाला पेटून चढणारे दोघेतिघेही निमूटपणे त्या गटात येतात. आणि हो, सगळ्यांकडे मूळ पासपोर्ट हवा. सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात मोठी सवलत आहे, पण पासपोर्ट दाखवल्याशिवाय खिडकीवरचा माणूस ऐकत नाही.

बारा ते साडेतीन काही नाही. खरंच काही नाही. चारला डंबुल्लाच्या गुहा. तिथेही चढण आहे, पण ऊन उतरलेलं असतं. पहिल्या शतकात, ख्रिस्तापूर्वी, वलगम्बा राजानं परागंदा असताना जिथे आसरा घेतला त्या गुहांचं पुढे त्यानं मंदिर केलं. आत छताचा खडक जसा वरखाली झालाय तशीच त्यावरची चित्रं वळत जातात. कापड ताणून बांधल्यासारखं वाटतं.

आता तुझ्या कागदावरची एक सरळ चूक. तू "मिनेरियाला हत्तींचा मेळा" लिहिलंयस. तो मेळा जुलै ते ऑक्टोबरमध्ये भरतो. महासेन राजाचा तो तलाव त्या कोरड्या दिवसांत आटतो, उघड्या पडलेल्या तळावर कोवळं गवत येतं, आणि त्यासाठी शेकडो हत्ती जमतात. फेब्रुवारीत तलाव भरलेला, मग गवत कुठलं आणि मेळा कुठला? त्या दिवसांत जीपवाले हबरानाजवळच्या हुरुलूच्या जंगलाकडे नेतात. तिथे हत्ती दिसतात, कळप लहान असतात. कागदावर "हत्ती दिसण्याची शक्यता" एवढंच लिही. पिन्नवलाचं हत्तींचं अनाथालय मी तुझ्या जागी असते तर ठेवलं नसतं. साखळदंड बघून अर्धी बस गप्प होते आणि उरलेली अर्धी फोटो काढते, मग जेवणाच्या टेबलावर वाद.

तिसरा दिवस पोलोन्नरुवा. अनुराधपूर आणि पोलोन्नरुवा या दोन्ही जुन्या राजधान्या घेण्याचा मोह सोड, दोन्ही एका दमात पाहिली की सगळ्या विटा सारख्याच दिसायला लागतात. या ग्रुपसाठी मी पोलोन्नरुवा घेईन. जागा आटोपशीर, झाडांची सावली, आणि बघायला किती वेगवेगळं! पराक्रमबाहूचा अथांग तलाव, चोळांनी अकराव्या शतकात इथे राज्य केलं तेव्हाचं दगडी शिवमंदिर, आणि गल विहार. गल विहारात एकाच कातळात कोरलेल्या चार मूर्ती आहेत. पहुडलेल्या बुद्धाच्या उशीकडे सगळ्यांचं लक्ष वेध. डोक्याच्या भारानं उशी किंचित दबलेली दाखवलीय, ग्रॅनाइटमध्ये. लोक चौदा मीटरची लांबी बघून पुढे जातात आणि ती उशी राहून जाते.

मात्र ग्रुपात बौद्ध कुटुंबं जास्त असतील तर उलट कर. संघमित्रेनं आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं झाड अनुराधपुरात आहे, जवळच महिंद थेरांचं मिहिंतले आहे. 1950 साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला आले होते, हे आपल्याकडच्या अनेकांना ठाऊक असतं. त्यांच्यासाठी ही यात्रा आहे, तिथे घड्याळ काढायचं नाही. बुकिंगच्या वेळीच विचारून घे.

दोन्हीकडे देवळांत चपला आणि टोप्या बाहेर. दुपारी दगड असा पोळतो की विचारू नकोस, म्हणून जाड मोजे सगळ्यांच्या सामानाच्या यादीत घाल. गुडघे आणि खांदे झाकलेले. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजतात. आपल्याकडे सेल्फीची सवय हाडात मुरलेली आहे, तेव्हा हे रोज सकाळी बसमध्ये सांगावं लागेल. तारखांत पौर्णिमा येते का तेही बघ. त्या दिवशी पोया म्हणून सुट्टी असते, दारू मिळत नाही, आणि देवळांत गर्दी लोटते.

ड्रायव्हरबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण टूर त्याच्या हातात असते. कँडीच्या वाटेवर मातळेला मसाल्यांच्या बागा लागतात, पुढे रत्नांची दुकानं, बाटिकची दुकानं. सगळीकडे गाडी आणणाऱ्याला कमिशन मिळतं. हे वाईट आहे म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही, त्याच्या मिळकतीचा तो भागच असतो. पहिल्याच संध्याकाळी त्याच्याबरोबर चहा घे, "अय्या" म्हणजे दादा म्हण, आणि ठरवून टाक: दुकानं फक्त दोन, कुठली ते आपण दोघं मिळून ठरवू, आणि टिपेचं पाकीट माझ्याकडून नीट मिळेल. मग तोच तुला कुठे रस्ता खचलाय, कुठे शौचालय स्वच्छ आहे ते आपणहून सांगायला लागतो. त्याच्या राहण्या-जेवणाची सोय हॉटेलनं काय केलीय तेही एकदा डोकावून बघ. 2009 साली संपलेल्या तिथल्या यादवी युद्धाचा विषय बसमध्ये कुणी काढला तर हळूच दुसरीकडे वळव. त्याच्या घरात काय घडलंय ते आपल्याला माहीत नसतं.

जेवणाचं सांगते. शाकाहारी मंडळींना नारळाचं सांबोल बघून चटणीची आठवण येणार आणि ती ताटभर वाढून घेणार. त्यात बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाचा चुरा असतो, उंबलकड म्हणतात. कधी कधी डाळीतही असतो. "व्हेज" एवढं सांगून भागत नाही, हा चुरा नको असं प्रत्येक हॉटेलच्या खानसाम्याला नाव घेऊन सांग. मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुलच्या माडाची काकवी मात्र सगळ्यांना खाऊ घाल.

कँडीत एक रात्र पुरे. दंतमंदिरात संध्याकाळच्या पूजेच्या वेळी जा. प्रत्यक्ष दंतधातू, म्हणजे बुद्धाचा दात, दिसत नाही, सोन्याचा करंडक दुरून दिसतो. हे आधी सांगितलं नाहीस तर रांगेत तासभर उभे राहिलेले लोक तुलाच धारेवर धरतील.

नुवारा एलियाजवळचं सीता अम्मन मंदिर तू ठेवलंयस ते ठेवच, आपली माणसं तिथे गेल्याशिवाय राहणार नाहीत. हीच अशोकवाटिका का, या वादात पडू नकोस. फक्त एक सांभाळ, रावणाची टिंगल तिथे मोठ्यानं नको. कित्येक सिंहली लोकांना तो आपला थोर राजा वाटतो. 2019 साली सोडलेल्या त्यांच्या पहिल्या उपग्रहाचं नाव रावणा-1 आहे, म्हणजे बघ. हॉर्टन प्लेन्सचं पठार या मंडळींसाठी काढून टाक. पहाटे चारला उठून, नऊ-साडेनऊ किलोमीटर चालून, धुकं आलं तर पांढरी भिंत बघून परत.

याला राष्ट्रीय उद्यानाची सफारीही काढ. एला ते याला ते गॉल हे एका दिवसात बसवायचं तर पहाटेपासून जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतात, आणि बिबट्या काही आपल्या वेळापत्रकाला बांधलेला नाही. त्याऐवजी गॉलला चारपर्यंत पोहोच आणि तिथल्या किल्ल्याच्या तटावरून चालत एक फेरी मार. पोर्तुगीजांनी सुरुवात केली, डचांनी 1663 च्या सुमारास आजचे बुरूज उभे केले, आणि 2004 च्या त्सुनामीत बाहेरचं शहर उद्ध्वस्त झालं तेव्हा या तटानं आतली वस्ती बरीचशी वाचवली. मंडळी आपापल्या गतीनं फिरू देत. सगळ्यांना एकत्र हाकत नेण्यासारखी ती जागा नाही.

आणि आता आगगाडी. कँडी ते एला पूर्ण प्रवास सहा-सात तासांचा होतो, पहिल्या तीन तासांनंतर लोक पेंगायला लागतात. नुवारा एलियात मुक्काम असल्यानं मंडळींना जवळच्या नानू ओया स्टेशनवरून बसव, सर्वांत सुंदर टप्पा तिथूनच पुढे आहे. पट्टिपोला हे त्या देशातलं सर्वांत उंच स्टेशन, 1898 मीटर. त्यानंतरचा बोगदा ओलांडला की बऱ्याचदा हवाच बदलते, अलीकडे धुकं तर पलीकडे लख्ख ऊन. बॅगा बसमधून पुढे जाऊ देत. तू एलाला उतरायचं लिहिलंयस, ते बदल. ज्या नऊ कमानींच्या पुलासाठी सगळे आलेले असतात तो एलाच्या पुढे आहे, एलाला उतरलेल्यांची गाडी त्यावरून जातच नाही. डेमोदराची तिकिटं काढ. पूलही मिळतो, आणि जिथे रूळ गोल वळसा घेऊन स्टेशनच्याच खालून जातात तो वळणाचा मार्गही बघायला मिळतो. बसला तिथेच बोलव आणि मुक्कामाला एलाला परत ये.

घाटात दरडी कोसळल्या की हा मार्ग बंद राहतो, तेव्हा गाडी चालू आहे ना याची तिथल्या एजंटाकडून आधी खात्री कर, आणि बसनं जायचा पर्याय लिहून ठेव. आरक्षण महिनाभर आधी उघडतं आणि ग्रुपला एका डब्यात जागा मिळणं कठीण असतं. म्हणून बाकी कागद सावकाश कर, पण नानू ओया ते डेमोदरा या तिकिटांसाठी एजंटाला आजच फोन लाव.

तुझी,
ताई