बिल शून्य आलं तरी खर्च झालाच की: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात अपघाताच्या उपचारांच्या खर्चावर लिहिलं होतं त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली चार इथं घेतोय. पहिल्याच पत्राला जास्त जागा दिलीय कारण त्या ताईंनी जे विचारलंय तेच या सगळ्या विषयाचं मूळ आहे.

प्रश्न : माझे मिस्टर दिवाळीनंतर रात्री मोटारसायकलवरून येताना उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकले, मांडीचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन करून रॉड घातला. महात्मा फुले योजनेत सगळं बसलं, आम्हाला काही भरायला लागलं नाही. आता संशोधनाचा फॉर्म घेऊन एक मुलगी घरी आली होती, तासभर बसली. दवाखान्याचं विचारलं ते समजलं, पण म्हशीची धार आता कोण काढतं, माझं शिवणकाम किती दिवस बंद होतं, रिक्षाला किती गेले, दागिना गहाण ठेवला का, असलं पण विचारलं. उपचार फुकट झाले तर हे कशाला पाहिजे? सांगितल्यानं आमचं काही अडणार नाही ना?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : ताई, आधी शेवटचं सांगतो म्हणजे जीव भांड्यात पडेल. काही अडणार नाही. असा फॉर्म भरून घ्यायच्या आधी संमतीपत्र वाचून दाखवायचं असतं, नको वाटलं तर मधेच थांबवायचा तुम्हाला पूर्ण हक्क असतो, आणि उत्तरं दिली किंवा नाही दिली तरी योजनेतल्या उपचारावर त्याचा काही परिणाम होत नाही. संमतीपत्राची एक प्रत तुमच्याकडं राहायला पाहिजे, नसेल दिली तर हक्कानं मागून घ्या.

आता म्हशीचं. योजनेच्या पॅकेजमध्ये ऑपरेशन, रॉड, तपासण्या, दवाखान्यातली औषधं असं सगळं येतं आणि ती फार मोठी गोष्ट आहे, पूर्वी याच ऑपरेशनसाठी माणसं रान विकायची. पण मांडीचं हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने जातात आणि दवाखान्यात त्यातले आठ-दहा दिवसच जातात, बाकीचे सगळे घरात, खाटेवर. समजा मिस्टरांची मजुरी रोजची ५०० रुपये, महिन्याला २६ दिवस काम, चार महिने घरी बसले, झाले ५२ हजार. तुमच्या शिवणकामाचे महिन्याला ६ हजार धरले आणि दोन महिने मशीन बंद राहिली तर १२ हजार. म्हणजे ६४ हजार इथंच गेले, आणि यात तपासणीच्या फेऱ्यांचं गाडीभाडं, काठी-वॉकर, फिजिओथेरपी, गहाण दागिन्याचं व्याज यातलं काहीच धरलेलं नाही. सरकारी कागदावर मात्र तुमच्या घरचा खर्च शून्य दिसणार. ती मुलगी आली नसती तर हे ६४ हजार कुठल्याच हिशोबात आले नसते, म्हणून तिनं एवढं विचारलं.

म्हशीच्या धारेला तर कुणी पगार देत नाही, मग ती मोजायची कशी? एक सोपी पद्धत म्हणजे ते काम करायला बाहेरचा माणूस ठेवला असता तर त्याला काय द्यावं लागलं असतं ते धरायचं. दुसरी पद्धत, धार काढणाऱ्यानं तेवढ्या वेळात दुसरं काय कमावलं असतं ते बघायचं. कोर्टानं पण हे मान्य केलंय बरं का. २००१ साली लता वाधवा खटल्यात सुप्रीम कोर्टानं गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली होती आणि २०२१ च्या कीर्ती खटल्यात तर गृहिणीच्या कामाला उत्पन्न मानून भरपाई ठरवायलाच पाहिजे असं स्पष्ट सांगितलं. तेव्हा तुमच्या कामाचे तास त्या फॉर्मवर आलेच पाहिजेत, "घरातलंच आहे, काय लिहायचं" असं म्हणू नका.

आणि हे एकट्या तुमच्या घरचं नाही. जागतिक बँकेनं २०२१ मध्ये रस्ते अपघातांवर एक अहवाल काढला, चार राज्यांत घरोघरी विचारून, त्यात महाराष्ट्र पण होता. गरीब घरांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त घरांचं उत्पन्न अपघातानंतर घटलं, नुकसान सात महिन्यांच्या कमाईपेक्षा जास्त, तर श्रीमंत घरांचं एका महिन्याच्या कमाईपेक्षा पण कमी. बायकांपैकी जवळपास ४० टक्के जणींच्या कामाची पद्धतच बदलून गेली. रस्ता तोच, धडक तीच, पण कुणाच्या घरात काय मोडतं ते दवाखान्याच्या बिलावर येत नाही.

एक विनंती करतो. ती मुलगी परत येईल, कारण असल्या अभ्यासात तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी पुन्हा विचारतात. माणूस लहान खर्च पटकन विसरतो, मोठा तेवढा लक्षात राहतो. म्हणून कालनिर्णयावर दुधाचा खाडा लिहिता ना, त्याच चौकोनात रिक्षा, गोळ्या, बुडालेला रोज असं दोन शब्दांत लिहून ठेवा. मोटार अपघाताच्या भरपाईचा दावा केला असेल तर वकिलांना पण ते कामाला येईल, फक्त पावत्या वेगळ्या पिशवीत जपून ठेवा.

प्रश्न : मी मिरजेत पीजी करतेय, डेसर्टेशन अपघाताच्या पेशंटच्या उपचारखर्चावर आहे. बहुतेक पेशंटचा खर्च पंचवीस-तीस हजारांत आहे पण डोक्याला मार लागलेले तिघं खूप दिवस आयसीयूत होते, त्यांचा प्रत्येकी काही लाखांत गेलाय. त्यांच्यामुळं सरासरी बिघडते. सीनियर म्हणतात त्यांना आउटलायर (बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे) म्हणून काढ नाहीतर फक्त मीडियन (सगळे खर्च चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) दे. काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : काढू नको. कृपा करून काढू नको. सरासरी बिघडत नाहीये, अपघाताचा खर्च असाच असतो, बहुतेकांचा कमी आणि थोड्यांचा प्रचंड, आणि ते थोडेच दवाखान्याचं निम्मं बजेट खातात. साधं उदाहरण घे, दहा पेशंट, नऊ जणांचे २०-२० हजार आणि एकाचे ५ लाख २० हजार. मीडियन आला २० हजार. आता अधीक्षकांनी तुझा मीडियन धरून दहा पेशंटची तरतूद केली तर ती होईल २ लाखांची, आणि खरा खर्च ७ लाख. सरासरी ७० हजार, तिला दहानं गुणलं की ७ लाख बरोबर येतात. बजेट करणाऱ्याला सरासरीच लागते. मीडियन पण दे, कारण नेहमीच्या पेशंटला काय लागतं ते त्यावरून कळतं, पण त्याच्यावर थांबू नको. विश्वासमर्यादा, म्हणजे खरी सरासरी कुठून कुठवर असू शकते ते, काढायला बूटस्ट्रॅप (हातातल्या आकड्यांतूनच पुन्हा पुन्हा नमुने घ्यायची पद्धत) वापर, आणि मॉडेल करायचं असेल तर अशा एकीकडं झुकलेल्या आकड्यांसाठी गॅमा डिस्ट्रिब्यूशन आणि लॉग लिंक, तुमचे स्टॅटिस्टिक्सचे सर सांगतील.

अजून दोन गोष्टी. रुपये एकदम लिहू नको, आधी काय-काय लागलं ते लिही, म्हणजे वॉर्डातले दिवस, आयसीयूतले दिवस, ओटीची (ऑपरेशन थिएटरची) मिनिटं, रक्ताच्या पिशव्या, सीटी किती, एक्स-रे किती. दर नंतर लाव. हे दर दोन वर्षांत बदलतात आणि कोल्हापूरचे वेगळे, सोलापूरचे वेगळे, पण फिमरला (मांडीच्या हाडाला) ओटी किती मिनिटं लागली ही माहिती टिकते, दुसऱ्याला त्यावर स्वतःचे दर लावून वापरता येते. आणि जे पेशंट कॅज्युअल्टीत दोन तासांत दगावले त्यांचा खर्च सगळ्यात कमी दिसेल. त्यांचा गट वेगळा दाखव, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की गंभीर मार लागलेल्यांचा खर्च कमीच असतो. खर्चाच्या शेजारी पेशंटचं पुढं काय झालं याचा रकाना नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. वाचलेल्यांसाठी ईक्यू-फाईव्ह-डी ही तब्येतीची प्रश्नावली घेता येईल, पाचच प्रश्न असतात, चालणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं आणि मनाची काळजी-उदासी, मराठीत पण उपलब्ध आहे.

प्रश्न : ट्रॉलीला रिफ्लेक्टर, मागं दिवा लावा म्हणून सीझन आला की सगळे सांगतात. पण पैसे ट्रॉलीवाल्यानंच का घालायचे? उसाचे पैसे वेळेवर मिळायची मारामार, त्यात हा खर्च.
– एक ऊस उत्पादक, वाळवा तालुका

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. पैसे घालतो एक आणि वाचतात दुसऱ्याचे, म्हणून हे काम दरवर्षी मागं पडतं. तुमच्या ट्रॉलीचा रिफ्लेक्टर तासगावच्या त्या ताईंचे ६४ हजार वाचवतो, योजनेचं पॅकेज वाचवतो, मिरजेतली एक खाट मोकळी ठेवतो, तुमच्या खिशात मात्र रुपया येत नाही. म्हणून अर्थशास्त्राच्या बाजूनं बघताना आधी विचारायचं असतं की हिशोब कुणाच्या बाजूनं मांडायचा, ट्रॉलीवाल्याच्या, सरकारच्या की सगळ्या समाजाच्या.

समाजाच्या बाजूनं मांडून बघू. समजा एका ट्रॉलीला चांगली पट्टी आणि दिवा मिळून १,५०० रुपये, एका कारखान्याच्या हजार ट्रॉल्या, झाले १५ लाख. फक्त घरच्यांचं ६४ हजारांचं नुकसान धरलं तरी असले २४ अपघात टळले की पैसे वसूल, आणि पट्टी एका सीझनपेक्षा जास्त टिकली, उपचाराचा खर्च पण धरला, की हा आकडा भरभर खाली येतो. एखाद्याचा जीव वाचला तर त्याची किंमत मी यात धरलेलीच नाही. त्यामुळं माझं मत स्पष्ट आहे, लावायलाच पाहिजे, पण पैसे एकट्या ट्रॉलीवाल्याच्या माथी मारू नयेत. कारखान्यानं तोडणी-वाहतुकीच्या करारातच ही पट्टी द्यावी, वाहन यार्डात वजनाला येतं तिथंच तपासावं आणि लावूनच सोडावं. तुम्ही सभासद असाल तर वार्षिक सभेत हा विषय लेखी द्या. आणि मोटारसायकलवाल्यांनी हेल्मेट घालायचंच, जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा हेल्मेटनं मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याला इजा व्हायचा धोका ६९ टक्के कमी होतो असं निघालंय.

प्रश्न : रस्ता अपघातात दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार अशी केंद्राची नवीन योजना आलीय म्हणतात, ती कुणाला लागू? आणि जखमीला आपण नेलं तर पोलीस आपल्यालाच अडकवतात का?
– एक वाचक, विटा

उत्तर : ही योजना ५ मे २०२५ पासून लागू झाली. कुठल्याही रस्त्यावर मोटार वाहनामुळं अपघात झाला तर जखमीला योजनेतल्या दवाखान्यात दीड लाख रुपयांपर्यंत, जास्तीत जास्त सात दिवस कॅशलेस उपचार मिळतात. योजनेत नसलेल्या दवाखान्यात नेलं तर तिथं प्रकृती स्थिर करण्यापुरतेच उपचार यात बसतात, म्हणून १०८ च्या गाडीतल्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. अडकवायचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १३४-अ कलम आलंय, चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्यासाठी खटला भरता येत नाही, आणि स्वतःचं नाव-पत्ता द्यायची सक्ती पण त्याच्यावर करता येत नाही, बिनधास्त न्या. फक्त काउंटरवर हा रस्ता अपघात आहे हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून तारीख-वेळ नोंदवून घ्या, कारण ते सात दिवस अपघाताच्या तारखेपासून मोजतात, अॅडमिट झाल्यापासून नाही.