मुदत ठेव सांगून बँकेने विमा पॉलिसी दिली. सही केल्यानंतर पैसे परत मिळतात का?

तुमच्या आईंना मुदत ठेवीच्या नावाखाली पॉलिसी दिल्याचे चार महिन्यांनी कळले आणि "सही केली, आता काही होणार नाही" असे नातेवाईक म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. हेच वाक्य 2021 मध्ये माझ्या मेहुण्यांनी माझ्या वडिलांना तोंडावर ऐकवले होते.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. निवृत्तिवेतन जमा होते त्याच बँकेतील अधिकाऱ्याने, मुदत संपलेल्या ठेवीचे दोन लाख रुपये जास्त व्याजाच्या योजनेत ठेवतो असे सांगून पाच-सहा ठिकाणी सह्या घेतल्या. पॉलिसीचे इंग्रजी बाड घरी आले, ते ठेवीचेच कागद समजून वडिलांनी कपाटात ठेवले. वर्षाने दुसऱ्या हप्त्याचे पत्र आले तेव्हा उलगडा झाला: दरवर्षी दोन लाख, सलग दहा वर्षे. शिकलेल्या माणसाने वाचून सही करावी, असे मेहुणे म्हणाले आणि वडील खाली मान घालून बसले. ते मला पैशांपेक्षा जास्त लागले.

मी कंपनीकडून प्रस्ताव अर्जाची प्रत मागवली. त्यात वडिलांचा व्यवसाय व्यापार, वार्षिक उत्पन्न नऊ लाख आणि मोबाईल क्रमांक भलताच होता. सही मराठीत होती. पण इंग्रजी मजकूर समजावून सांगितल्याचे निवेदन जिथे हवे, ती जागा कोरी होती. कंपनीने 'फ्री लुक'ची, म्हणजे पॉलिसी वाचून नको असल्यास परत करण्याची, मुदत संपली असे उत्तर दिले, म्हणून विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेलो. तिथे शुल्क नाही, वकील नाही. वडील स्वतः बोलले. हप्त्याची पूर्ण रक्कम परत मिळाली, व्याज मात्र नाही.

तुम्हीही आधी तो अर्ज मागवा. फ्री लुकचे 30 दिवस पॉलिसी हाती आल्यापासून मोजतात, त्यामुळे ती कधी मिळाली हे तपासा. मग कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिने ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर त्यानंतर एका वर्षाच्या आत लोकपालांकडे जाता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. 2019 च्या कायद्यानुसार आई राहतात त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल होते, मुदत दोन वर्षांची. परंतु प्रकरण आयोगापुढे असेल तर लोकपाल ते ऐकत नाहीत.

सही म्हणजे शेवट, हे मत मला मुळीच मान्य नाही. फसवून मिळवलेल्या संमतीचा करार रद्द करवून घेण्याचा हक्क 1872 च्या करार कायद्यातील कलम 19 नेच फसवल्या गेलेल्या व्यक्तीला दिला आहे. अर्थात, आमच्याकडे खोट्या नोंदींचा पुरावा होता. केवळ तोंडी आश्वासनावर दावा उभा करणे अवघड जाते, आणि परतावा कमी मिळाला एवढ्यानेच फसवणूक सिद्ध होत नाही.

तुमच्या नातेवाइकांना अर्जातील उत्पन्नाचा रकाना आणि आईंचे पासबुक शेजारी ठेवून दाखवा. मेहुण्यांना मी तेच दाखवले. वडिलांची क्षमा त्यांनी अजून मागितलेली नाही.