वाचकांचे प्रश्न : लंगडणारा घोडा आणि वेदनाशामक

प्रश्न : माथेरानला माझा घोडा (वजन अंदाजे ३०० किलो) पुढच्या उजव्या पायाने लंगडतो. फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक दिलं की चालतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डोस वाढवू का?

उत्तर : नाही, वाढवू नका. पहिल्या दिवशीसुद्धा याची कमाल मात्रा किलोमागे ४.४ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे तुमच्या घोड्याला एका वेळी सुमारे १.३ ग्रॅम. दुसऱ्या दिवसापासून ती निम्मी. त्यापुढे फायदा वाढत नाही. जठरात आणि आतड्यात व्रण पडतात. घोडा पाणी कमी पीत असेल तर मूत्रपिंडालाही धोका. सोबत फ्लुनिक्सिन किंवा मेलॉक्सिकॅम ही दुसरी वेदनाशामकं तर अजिबात नकोत. आणि इंजेक्शन मांसात कधीच टोचू नये, तिथलं मांस सडतं. ते शिरेतच, डॉक्टरांच्या हातून.

आधी दुखतं कुठे ते पाहा. दोन्ही खुरांना हात लावून उष्णता ताडा. खुराच्या वरच्या सांध्यामागे, बाजूला बोट ठेवा; एकाच पायात नाडी जोरात उडत असेल तर खुरात पू असण्याची शक्यता जास्त. नुकताच नाल ठोकला असेल तर एखादा खिळा आत गेलाय का, हे नालबंदाकडून तपासून घ्या. पू काढून वाट मोकळी केली की बऱ्याचदा दिवसा-दोन दिवसांत घोडा पाय टेकतो. धनुर्वाताची लस झाली आहे ना, तेही विचारा.

दोन्ही पुढचे खूर गरम असतील आणि घोडा मागे रेलून उभा असेल, तर खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

औषधाच्या जोरावर चालणाऱ्या घोड्यावर पर्यटक बसवू नका. दुखणं झाकलं जातं, इजा वाढत राहते.