वीज चमकली की आधी बेल्स काढा: अंपायरिंगची प्रश्नोत्तरे

जून लागला की इंदुरातून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून यावेळी सगळ्यांना एकदमच उत्तरं देतो.

लाईट कमी झाली की बॅट्समनला विचारतात ना, खेळणार का म्हणून?
नाही, ते कधीच बंद झालं. आता दोघे अंपायर मिळून ठरवतात.

मोबाईलमधलं लाईट मीटरचं अ‍ॅप चालेल का? पैसे भरून प्रो व्हर्जन मिळतंय. (सुदामा नगर)
पैसे वाचवा. सेन्सर तुमच्या फोनचाच राहतो, तो काही प्रो होत नाही. मोठ्या मॅचमध्येही आधी अंपायर ठरवतात की लाईट धोक्याची आहे, मग तिथलं रीडिंग घेतात आणि पुढे तेच त्या मॅचचं माप धरतात.

पाऊस थांबून तास झाला, ऊन पडलंय, ऑर्गनायझर म्हणतो टॉस करा, स्पॉन्सर येऊन बसलेत.
बसू देत. माळव्याची काळी माती वरून सुकते, आत पाणी धरून बसते. बॉलरचा पाय जिथे पडतो तिथे टाच दाबून बघा, फिल्डर वळतो तिथे स्वतः पळून बघा. पाय सरकला तर खेळ नाही, नियमच तसा आहे. शंका असेल तर ग्राउंड्समनला आणि एखाद्या सीनियर अंपायरला विचारा, स्पॉन्सरला नाही.

पिच धोकादायक वाटलं तर मधेच मॅच बंद करता येते?
येते. आपल्याच नेहरू स्टेडियमवर 25 डिसेंबर 1997 ला भारत-श्रीलंका वनडे 3 ओव्हरनंतर बंद केली होती.

लांब गडगडतंय पण पाऊस नाही, तर खेळ चालू ठेवायचा ना? (चिमनबाग)
नाही! हाच प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी माझा जीव खालीवर होतो. मध्य प्रदेशात विजेने दरवर्षी कितीतरी माणसं जातात, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधीही वीज पडते. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर, तीस सेकंदाच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आली, लगेच सगळ्यांना बाहेर काढा, "ही ओव्हर होऊ दे" हे ऐकूनच घ्यायचं नाही. झाडाखाली नाही, स्कोररच्या तंबूत नाही, पत्र्याच्या उघड्या शेडमध्येही नाही, पक्क्या इमारतीत किंवा काचा लावलेल्या कारमध्येच. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं, मधे पुन्हा आवाज आला की पुन्हा पहिल्या मिनिटापासून. आणि ज्याच्यावर वीज पडली त्याच्या अंगात करंट राहतो म्हणून हात लावू नका असं सांगतात ते साफ खोटं आहे, त्या ऐकीव गोष्टीपायी वाचणारा माणूस जातो. 108 ला फोन करा, श्वास बंद असेल तर तिथेच सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचा उपाय) सुरू करा. तो द्यायचा कसा हे ओळखीच्या डॉक्टरांकडून सीझनच्या आधीच शिकून घ्या, सगळ्या टीमने.

मॅच अर्धवट राहिली तर पॉइंट्स कसे वाटायचे?
स्पर्धेच्या नियमांत बघा. तिथे नसेल तर टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टनकडून लिहून घ्या.