तीन लाखांचा उंबरठा

प्रश्न : मुलाच्या कंपनीकडून आम्हा दोघांना तीन लाखांचा आरोग्य विमा आहे. त्यावर दहा लाखांचा टॉप-अप घ्यावा म्हणते. भाचा एजंट आहे, तो दोन कागद ठेवून गेलाय. दोन्हींत डिडक्टिबल तीन लाखच, पण एकाचा हप्ता बराच कमी. तो घ्यावा का? आणि तीन लाख आपणच भरायचे तर विमा कसला?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ताई, डिडक्टिबल हा उंबरठा समजा. खर्च तो ओलांडेल तेव्हाच टॉप-अपवाली कंपनी वरचे पैसे देणार. खालचे तीन लाख तुमच्या खिशातून गेले की मुलाच्या पॉलिसीतून, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आता कमी हप्त्याचा कागद नीट पाहा. तिथे बहुधा डिडक्टिबल 'प्रत्येक दाव्याला' असेल, दुसऱ्यावर 'वर्षभराच्या एकूण खर्चाला'. पहिला साधा टॉप-अप, दुसरा सुपर टॉप-अप.

आईसाठी मी स्वस्तातला साधाच घेतला होता, डिडक्टिबल तीन लाखांचं. जूनमध्ये तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, बिल दोन लाख. दिवाळीच्या तोंडावर रामबागेतल्या घराच्या पायरीवरून ती घसरली, खुब्याचं हाड मोडलं. बिल अडीच लाख. वर्षाचे झाले साडेचार लाख, पण एकही बिल एकट्यानं तीन लाखांवर गेलं नव्हतं, म्हणून टॉप-अपमधून दमडीही आली नाही. सुपर असता तर साधारण दीड लाख आले असते. साधारण अशासाठी म्हणतो, की हातमोजे, कापूस असला जो खर्च पॉलिसीत बसत नाही, तो उंबरठ्याच्या हिशेबातही धरत नाहीत. कंपनीला दोष देऊन उपयोग नव्हता, सगळं कागदावर होतं. मीच पोहे खात खात सही केली होती.

म्हणून तुम्ही सुपरच घ्या. पण मुलानं नोकरी बदलली तर कंपनीचा विमा जाईल आणि ते तीन लाख खरोखरच तुमच्यावर येतील. तेवढी एफडी बाजूला ठेवा, नाहीतर तुमची स्वतःची तीन लाखांची पॉलिसी आत्ताच काढून ठेवा.

घरात कुणाला शुगर किंवा बीपी असेल तर फॉर्मात लिहाच. भाचा 'राहू दे मावशी' म्हणाला तरी लिहा. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांत डिडक्टिबलची ओळ चष्मा लावून वाचा.